बुजवलेली विहीर

आमच्या पवनचक्कीच्या कंपनीत सोमवारच्या बैठकीचा एक अलिखित नियम होता. जो अडचण मांडेल, ती त्याच्याच गळ्यात. त्यामुळे सगळे कसे गुण्यागोविंदाने बसायचे. "काही अडचण?" असं मोठ्या साहेबांनी विचारलं की आम्ही मुकाट चहात बिस्कीट बुडवायचो. कामाचं वेळापत्रक माझ्याकडे होतं आणि तक्त्यात माझ्या सगळ्या ओळी हिरव्या, म्हणजे वेळेवर, असायच्या. त्याचा मला माज होता.

ईट गावाजवळच्या एका रानात क्रेन उभी करायची होती. जागा दाखवायला कंपनीने गावातलेच एक वयस्कर गृहस्थ नेमले होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. शनिवारी बांधावर त्यांनी मला थांबवलं.

"साहेब, इथं जुनी इहीर व्हती. बुजवलीय. क्रेन जरा तिकडं घ्या."

जागा बदलायची म्हणजे पुन्हा मोजणी, पंधरा दिवसांचा उशीर, आणि तो माझ्या नावावर. "बघतो," म्हणालो. सोमवारी बिस्कीट बुडवलं.

गुरुवारी क्रेनखालची जमीन खचली. क्रेन आडवी झाली. चालवणारा नशिबाने वाचला, पण काम दोन महिने बंद पडलं. चौकशीत मोठ्या साहेबांनी मामांनाच धारेवर धरलं, "गावचे असून विहिरीचं सांगितलं नाहीत?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं.

जाताना ते मला भेटायला आले. वाटलं, आता शिव्या देणार. द्यायलाच हव्या होत्या. पण ते हळूच म्हणाले, "साहेब, म्या तुमाला सांगितलं व्हतं नव्हं? का माझ्याच डोक्यातून गेलं? वय झालंय, काय ध्यानात ऱ्हात न्हाय."

"मामा, मला नाही आठवत," मी म्हणालो.

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे, हाताखाली माणसं आहेत. वाईट बातमी आधी सांगायची आणि सांगणाऱ्याच्या गळ्यात ती मारायची नाही, असा नियम मी केलाय. कामं वेळेत होतात, लोक माझं कौतुक करतात. ते ऐकताना मला स्वतःची किळस येते.

गेल्या महिन्यात कामानिमित्त ईटला गेलो होतो. बाजारात मामा भेटले. सोबतच्या माणसाला माझी ओळख करून देत म्हणाले, "हे आमचे साहेब. लई चांगला माणूस. माझ्या चुकीनं ह्यांची क्रेन गेली, पण मला येका शब्दानं बोलले न्हाईत."