मंजुषाची कंबर आणि देवानंदची गाडी

किन्हीराजात कोणालाही विचारा, मंजुषाची कंबर नाजूक आहे हे तो लगेच सांगेल. तिची सासू कस्तुराबाई सांगेल, शेजारीपाजारी सांगतील, आणि परवापरवापर्यंत मंजुषा स्वतःही हेच सांगायची. बाई अजून चाळिशीच्या अलीकडची. अंगानं सडपातळ, पण पाण्याचे दोन हंडे एका दमात उचलते आणि सोयाबीन सोंगायला उतरली की सगळ्यांच्या पुढं असते. फक्त नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसली की अर्ध्या वाटेत तिचा जीव कंबरेत येऊन बसायचा. हंडे उचलताना न दुखणारी कंबर गाडीवरच कशी दुखते, हा प्रश्न गावात एकालाही पडला नाही. बाईच्या दुखण्याचं कारण शोधायची आपल्याकडे रीतच नाही.

मंजुषाचा हात शिवणात बसलेला. लहान पोरांची झबली, टोपरी, बायकांचे परकर शिवायची आणि दर आठवड्याला शेलूबाजारच्या बाजारात गाठोडं मांडून बसायची. देवानंद, तिचा नवरा, गाडीवर सोडून द्यायचा, संध्याकाळी घ्यायला यायचा. वर चारचौघांत छाती काढून सांगायचा, "आपून नाई अडवत बायकोले. तिले जमते तं करू दे." तिच्या माहेरी या वाक्याचं इतकं कौतुक, की जावई आला म्हणजे ताटात पुरणपोळी यायची. बाजारात मंजुषाची जागा ठरलेली होती, गिऱ्हाईक ठरलेलं होतं. तिथं तिला देवानंदची बायको म्हणून कोणी ओळखत नव्हतं, परकरवाल्या ताई म्हणून ओळखायचे. तिला ते फार आवडायचं.

मग एका उन्हाळ्यात कंबर सुरू झाली. खड्डा आला की मणक्यात कळ, गतिरोधक आला की डोळ्यांपुढं अंधारी. वाशीमला जाऊन कंबरेचा फोटो काढला, त्यात काहीच निघालं नाही. काही निघालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. आता आपणच कामचोर आहोत की काय, अशी लाज वाटायला लागली. जीपनं जाऊन पाहिलं, पण खचाखच भरलेल्या जीपमध्ये गाठोड्याला जागा मिळेना. एक बाजार चुकला, दोन चुकले. जागेवर दुसरी बाई बसली. शिलाई मशीनवर जुनं लुगडं पडलं. देवानंद तेव्हा म्हणाला होता, "जाऊ दे मंजू, जीवापेक्षा बाजार मोठा हाये का?" एवढ्या एका वाक्यावर तिनं नवऱ्याला डोक्यावर घेतलं होतं.

परवा शेलूबाजारला पाहुण्यांकडे बारसं होतं. परतताना क्लचची तार तुटली. दोघं गाडी ढकलत मेहबूब मिस्त्रीच्या दुकानावर आले. देवानंदचा फोन वाजला, तो बोलत बोलत रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर गेला. मंजुषा कंबर धरून बाकड्यावर टेकली.

या मेहबूबची एक खोड आहे. शॉकअपला पाना लावायच्या आधी तो माणसाला गाडीवर बसवतो. रोज मागं जो बसतो, त्यालाही बसवतो. पोतं न्यायचं असेल तर पोतं ठेवायला लावतो आणि गाडी किती दबली ते पाहूनच स्प्रिंगेखालची रिंग फिरवतो, ओझं जड असेल तर कडक, हलकं असेल तर सैल. लोक त्याला शिंपी म्हणून चिडवतात. त्यानं तार टाकली, मागचा शॉकअप पाहिला आणि सहज विचारलं, "भाभी, दुधाचे डब्बे बंद केले का?"

"कायचे डब्बे, भाऊ? आमच्याकडं एक बकरी हाये फक्त."

"मंग हे इतकं कडक कायले ठेवलं? देवानंदभाऊ दोन भरलेले डब्बे बांधून आले होते ना. मी पुसलं, मागं मानूस बसते का? म्हने कोनीच नाई बसत, डब्बेच असतात. म्हनून रिंग पार शेवटच्या खाचेत नेली, वरून स्प्रिंगेत रबरं बी घातले." त्याची नजर तिच्या कंबरेवरच्या हाताकडे गेली आणि तो चपापला. "तुमी बसता मागं?"

मंजुषानं मान हलवली. "कधीची गोष्ट हाये, भाऊ?"

"चार उन्हाळे झाले असतीन."

मेहबूबनं पाना उचलला. त्यानं रबरं काढून फेकली, तिला गाडीवर बसवलं, रिंग सैल केली, पुन्हा बसवलं. देवानंद आला तेव्हा तो हात पुसत होता.

शेलूबाजाराबाहेरच्या पहिल्या गतिरोधकावर गाडी मऊ दबली आणि मऊ वर आली. देवानंदची पाठ ताठ झाली. त्यानं आरशात तिच्याकडं पाहिलं, मग सरळ पुढं पाहिलं. गाडीला काय केलं, असं त्यानं विचारलं नाही. ज्याला माहीत नसतं तो विचारतो. किन्हीराजापर्यंत प्रत्येक खड्डा अलगद गेला. घरी उतरली तेव्हा कंबर दुखत नव्हती. दुखली असती, तर मेहबूबचीच काहीतरी चूक झाली असेल म्हणून तिनं मनाची समजूत घातली असती.

अंगणात कस्तुराबाई तूर पाखडत होती. मंजुषानं तिच्यादेखतच विचारलं, "डब्बे कोनाचे होते?"

"कोनते डब्बे?"

"भरून नेले होते, ते."

देवानंद पायातले जोडे काढत राहिला. "दूधवाल्या फुलचंदचे," शेवटी म्हणाला. "पानी भरलं होतं." आणि एकदम उसळला, "मंग काय करू? पारावर लोक हासत. म्हनत, बायको परकर इकून राह्यली अन् हा गाठोडं वाहून राह्यला."

"मले तोंडानं सांगाचं होतं."

"कसं सांगू? मी अडवत नाई म्हनून साऱ्या गावात मीच सांगत होतो."

"म्हनून माह्या कंबरेकडून अडवलं."

कस्तुराबाईचं सूप थांबलं. मंजुषा रडत नव्हती, तिचा आवाजही चढला नव्हता. तिला एकच गोष्ट समजत नव्हती, आणि ती तिनं खरोखर समजून घ्यायला विचारली. "बाजार तं मी त्याच साली सोडला. तुमच्या मनासारखं झालं. मंग त्याच्यानंतर कायले ठेवलं तसंच?"

देवानंदनं डोकं खाजवलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, तो आठवत होता. "तवाच ढिलं करून आननार होतो वं," तो म्हणाला. "मंग राहूनच गेलं."

राहून गेलं. लोकांना तो भ्यायला, हे तिनं आज ना उद्या गिळलं असतं. पण बाजार सुटल्यानंतरही माहेरी जाताना, दवाखान्यात जाताना, लग्नाकार्याला जाताना ती दर वेळी अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवायला लावायची, बाभळीखाली टेकायची आणि त्याला म्हणायची, "माह्यापाई तुमाले तरास होते, राग नका मानू." आणि तो मोठ्या मनानं म्हणायचा, "असू दे." दर वेळी तिनं त्याची माफी मागितली होती, आणि त्या माणसाला त्यातल्या एकाही वेळी ती कडक केलेली रिंग आठवली नव्हती.