टीपकाकूंचं पायडल

टीपकाकूंचा मुलगा मोटरवाला. मोटरी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि जिथे नाही तिथे मोटर बसवणं हा छंद. घरातलं पाणी मोटरने चढायचं, दुकानाचं शटरही मोटरनेच वर जायचं, तेही कण्हत कुंथत. राहिलं होतं ते आईचं शिलाई मशीन. तिच्या वाढदिवशी त्याने तिथेही हात मारला आणि ऐटीत म्हणाला, "आता पाय हलवायचा नाही. बटण दाबायचं, राणीसारखं बसायचं."

काकू राणीसारख्या बसल्या. बसल्या त्या बसल्याच. शिवलेले कपडे आधी त्या स्वतः चालत पोचवायच्या, आता मुलगा स्कूटरवरून टाकून यायचा. वर्ष सरेपर्यंत गुडघे धरले, उठताना तोंडातून "आई गं" आपोआप निघायला लागलं, आणि इतके दिवस गोळ्यांना घाबरून असलेली साखर डोक्यावर बसली.

डॉक्टरीणबाईंचं प्रत्येक वाक्य नाकातून निघून "बरं का"वर थांबायचं. दिवसभर काय करता, म्हणून त्यांनी विचारलं. बसते, काकू म्हणाल्या. मग बाईंनी समजावलं, की गोळ्या आणि पथ्य सोडायचं नाही, पण अंगही रोज हललं पाहिजे. स्नायू राबले की साखर खर्ची पडते, सांधे मोकळे राहतात, झोप शांत लागते. तीन महिन्यांत उतार पडला नाही तर इंजेक्शनं, बरं का.

मोटरवाल्याने यातून भलताच अर्थ काढला, की आईला आराम कमी पडतोय. इंजेक्शनं लागली तर आईचं शिवणकाम बंद, मशीन विकून टाकायचं, असं त्याने जेवता जेवता जाहीर करून टाकलं.

काकूंनी ताट सरकवलं आणि सुनेकडे पेचकस मागितला. सुनेने तो अशा चपळाईने आणून दिला, की जणू कधीपासून पदरात घेऊनच बसली होती. मोटर उतरली, चाकावर जुनी चामड्याची वादी चढली.

सुरुवातीला पोटऱ्यांनी बोंब मारली. मग काकू थोडं थोडं वाढवत गेल्या. कपडे पोचवायलाही पायीच निघाल्या. वाटेत किराणावाला छद्मी हसून म्हणाला, "काय काकू, स्कूटर बिघडली वाटतं?"

"स्कूटर ठणठणीत आहे. बिघडले होते मी," काकू न थांबता म्हणाल्या.

घरात मोटरवाला फुगून बसला. त्याच्याच आईने पायडल मारायचं म्हणजे धंद्याची शोभाच, असं तो भिंतीला ऐकवायचा. काकू भिंतीला उत्तर द्यायच्या नाहीत. पाय मारायच्या.

तीन महिन्यांनी साखर उतरली होती. पायडल थांबवू नका, सध्या इंजेक्शन नको, बरं का, असं बाई म्हणाल्या. मोटरवाल्याचा चेहरा उजळला.

"झालं ना काम? मग आता मोटर परत बसवतो. उगाच दमू नकोस."

काकूंनी गळ्यातली टेप काढली आणि बोलता बोलता त्याच्या कमरेभोवती गुंडाळली.

"तुझ्या सगळ्या पँटी उसवून सैल केल्या मी. आत दाबलेलं कापड संपलं. आता सैल करायला फक्त कातडं उरलंय. स्कूटरची किल्ली आण इकडे."

"अगं, पण मला काही झालेलं नाही."

"मलाही काही झालेलं नव्हतं, मोटर बसली तेव्हा."

त्याने आधारासाठी बायकोकडे पाहिलं. ती दारात त्याच्या चपला सरळ लावत होती.