संख्यारेषेवर चुकलेला बाण

चित्रकलेचे तास बंद झाले, तेव्हा मोठ्या बाईंनी चित्रकलेच्या बाईंना ऑफिसात बोलावून दोन वाक्यांत विषय संपवला. "सातवीच्या गणिताला कोणी नाहीये. घेणार असाल तर राहा, नाहीतर मला वर कळवावं लागेल."

"घेते," बाई म्हणाल्या. व्हरांड्यात आल्यावर मात्र आपण काय बोलून बसलो, ते त्यांच्या लक्षात आलं. स्वतःचं शाळेतलं शिक्षण संपलं तशी गणिताशी त्यांनी जी फारकत घेतली होती, ती कायमची, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं.

पहिले काही आठवडे मुलांच्या एक धडा पुढे राहायचं, एवढंच धोरण त्यांनी ठेवलं. नवरा औषधांच्या कारखान्यात कामाला. सकाळी भाजी चिरता चिरता तो गणितं घालायचा आणि बाई डबा भरता भरता ती सोडवायच्या.

"अगं, एवढी काय घाबरतेस? मुलं काय खातात का तुला?"

"तू 'पण'ला भेटला नाहीस अजून."

'पण' म्हणजे पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची मुलगी. तिचं प्रत्येक वाक्य 'पण बाई'ने सुरू व्हायचं, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिला हेच नाव पडलं होतं. ती उद्धट नव्हती, खोडकरही नव्हती. तिला खरोखरच प्रश्न पडलेला असायचा, आणि भीती होती ती त्याचीच.

असमानतेचा धडा आला त्याच दिवशी मोठ्या बाई वही-पेन घेऊन मागच्या बाकावर येऊन बसल्या. "चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या. हा तास कसा होतो त्यावर त्यांचं या शाळेतलं राहणं ठरणार, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

सुरुवात बरी झाली. "समीकरणात उत्तर एकच येतं," बाई म्हणाल्या. "इथे उत्तरांची रांगच्या रांग असते. क्ष अधिक तीन हे आठपेक्षा लहान हवं. मग क्ष किती?"

"पाचपेक्षा लहान!" वर्ग ओरडला.

बाईंनी पट्टी न घेता फळ्यावर एका दमात सरळ संख्यारेषा ओढली. मुलं 'आईशप्पथ' म्हणाली. पाचावर त्यांनी पोकळ वर्तुळ काढलं, कारण खुद्द पाच चालत नाही, आणि तिथून डावीकडे जाडजूड बाण रंगवला. हात आपला होता, खडू आपला होता. बाईंचा जीव जरा भांड्यात पडला.

मग त्यांनी पुढचं उदाहरण घेतलं: उणे दोन क्ष हे सहापेक्षा लहान. दोन्ही बाजूंना उणे दोनने भागलं आणि लिहिलं: क्ष हे उणे तीनपेक्षा लहान. पुन्हा पोकळ वर्तुळ, पुन्हा डावीकडे सुरेख बाण.

"पण बाई..."

बाई फळ्यावरून वळल्या.

"पण बाई, शून्य घालून बघितलं तर? उणे दोन गुणिले शून्य म्हणजे शून्य. ते सहापेक्षा लहानच आहे. मग शून्य बाणाच्या बाहेर का?"

मागे पेन चालल्याचा आवाज आला. सकाळीच वाचलेला एक नियम होता, काहीतरी उलटं करायचा, पण तो ऐनवेळी कुठे दडी मारून बसला कोण जाणे. पुस्तक टेबलावर होतं. उघडलं तर मोठ्या बाईंना दिसणार, नाही उघडलं तर मुलांना चुकीचं जाणार. 'तू खाली बस' म्हणणं सगळ्यांत सोपं होतं. ते शब्द जिभेवर आलेही होते.

"थांबा," त्या म्हणाल्या. "माझं काहीतरी चुकलंय. आता आपण एकेक संख्या तपासू. चालली तर हिरवी खूण, नाही चालली तर लाल."

मुलं उठून फळ्याशी येऊ लागली. उणे पाच घातलं, तर दहा आले. लाल. उणे चार, आठ. लाल. उणे तीनला नेमके सहा, म्हणजे तेही लाल. उणे दोन हिरवं, शून्य हिरवं, चारही हिरवं. सगळ्या हिरव्या खुणा उजवीकडे आणि बाईंचा बाण ऐटीत डावीकडे! बाईंनी तो पुसला आणि उजवीकडे काढला. तेव्हा कुठे नियम आठवला: ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं.

"पण का उलटतं?" मुलीने विचारलं.

"ते उद्या," बाई म्हणाल्या आणि घंटा झाली.

"चूक झालेली मी लिहिली आहे," मोठ्या बाई दारात म्हणाल्या. "पोरं आपणहून उठून फळ्यापर्यंत आली, तेही लिहिलंय. वार्षिक परीक्षेपर्यंत वर्ग तुमच्याकडे. पुढचं पुढे." हे कौतुक होतं की तंबी, ते बाईंना घरी पोचेपर्यंत उमगलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी पारदर्शक कागदावर संख्यारेषा काढली आणि शून्यावर घडी घातली. दोन जाऊन उणे दोनवर बसला, पाच उणे पाचवर. आधी पाच दोनच्या उजवीकडे होता, आता उणे पाच उणे दोनच्या डावीकडे गेला. जो मोठा होता तो लहान झाला! नक्षीच्या तासाला हीच घडी त्यांनी मुलांना किती वेळा घालायला लावली होती. त्यांनी नवऱ्याला हाक मारली, त्याला कागद दाखवला आणि तो "हां, बरोबर" म्हणाल्यावरही तीनदा पडताळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांनी कागद दुमडले. 'पण' बराच वेळ घडी उलगडत-मिटत बसली आणि काही बोलली नाही, याचीच बाईंना धास्ती वाटली.

चाचणीचे पेपर आले तेव्हा त्यांनी पहिला उघडला. ऋण संख्या होती तिथे चिन्ह उलटलेलं. दुसऱ्यातही, तिसऱ्यातही. बाई हसल्या. मग खालचं गणित पाहिलं. तिथे साध्या तीनने भागायचं होतं, तरी अर्ध्या वर्गाने चिन्ह उलटून ठेवलं होतं.

"अरे देवा!" बाईंनी कपाळाला हात लावला. "आता कधी उलटायचं नाही ते शिकवायला हवं." आणि त्यांनी लाल पेन बाजूला ठेवून पारदर्शक कागद पुढे ओढला.