सुकलालला माहीत नव्हतं

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "टीबी छे." म्हणजे क्षय. मी बाकावरून ताडकन उठले. माझे मालक, रशीद, बसूनच राहिले. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "अल्लाहनं लिखेल शे."

ज्यांच्या घरात हा आजार शिरलाय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सगळा भार नशिबावर टाकून मोकळं होणारं माणूस घरात असेल, तर जरा जास्तच लक्ष देऊन वाचा.

आम्ही पिंजारी, धुळ्याकडचे. गावात कापूस पिंजायचं काम उरलं नाही तसे सुरतला आलो, नवागामला खोली घेतली आणि हे पॉवरलूमवर लागले. लूमवर धाग्याची कांडी संपली की नवी कांडी धोट्यात, म्हणजे ताण्यातून ये-जा करणाऱ्या लाकडी होडीत, बसवायची, धोट्याच्या भोकाला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढून धागा बाहेर काढायचा. सगळे तसंच करतात. हाताने ओवत बसलं तर तेवढा वेळ लूम थांबतो. यांच्या लूमवर रातपाळीला सुकलालभाऊ असायचे, आमच्याच तालुक्यातले. लूम तेच, धोटेही तेच.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पार्टनर को आज ही बोलो. उसकी भी जांच कराओ. और धोटा मुंह में नहीं लेने का." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, दो महिने में इसको अच्छा लगेगा, फिर ये गोली छोड देगा. मेरेकू मालूम है. छोडने मत देना."

सुकलालभाऊंना सांगितलं का, म्हणून मी विचारलं. "सांगी दिधं," म्हणाले. मी विश्वास ठेवला.

गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी व्हायला लागली तेव्हा हे घाबरले. ती गोळीमुळे होते, घाबरायचं काही नसतं, हे तुम्ही आधीच समजून असा. पुढे भूक लागली, अंगावर मांस आलं, आणि डॉक्टर म्हणाले होते अगदी तसंच झालं. गोळ्या बंद!

मी भांडले, रडले, जेवण वाढायचं थांबवलं. यांचं एकच, "जगनं लिखेल व्हई तर जगसू. नही तर गोळ्या काय करतीन?"

मी म्हटलं, "तुम्ही गोळ्या सोडणार हे डॉक्टरला आधीच माहीत होतं. म्हणून काय डॉक्टरने सोडायला लावल्या?"

हे हसले. "डॉक्टरनं माले बनाडेल नही. अल्लाहनं बनाडेल शे."

 खरं सांगायचं तर याला पुरतं उत्तर अजूनही माझ्याजवळ नाही.

मशिदीतल्या हाफिजजींना मी घरी बोलावून आणलं. म्हातारा माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी यांना एवढंच विचारलं, "सूरत में प्लेग आया उस साल बीवी-बच्चों को गांव क्यों भेजा था? तब लिखा हुआ नहीं था क्या?"

मग त्यांनी गोळ्यांचं पाकीट यांच्यापुढे ठेवलं.

"लिखा हुआ तूने पढा है? नहीं ना? गोली तो दिखती है. जो दिखता है, उसीका हिसाब देना पडेगा. दवा भी तकदीर में ही है, बेटा."

त्या दिवशी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण उशीर झाला होता. खोकल्यातून रक्त पडलं आणि यांना इस्पितळात ठेवावं लागलं. थुंकीची कल्चर टेस्ट झाली. म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघतात. रिपोर्टसाठी आठवडेच्या आठवडे थांबलो. आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रेझिस्टंट." अर्धवट सोडलेल्या औषधाला जंतू जुमानत नव्हते.

वॉर्डात एके दुपारी सुकलालभाऊ केळी घेऊन आले. दारातच त्यांना खोकल्याची उबळ आली. सावरून म्हणाले, "रशीदभाऊ, निमोनिया इतला दिन कसा काय चालस?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला त्या वेळी नवऱ्याची दया आली नाही. असा संताप आला की पलंगाची दांडी मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. म्हटलं, "आता तरी सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते."

यांनी सांगितलं. काम जाईल या भीतीने लपवलं, तेही सांगितलं. सुकलालभाऊ केळी ठेवून तसेच तपासणीला गेले. त्यांच्या थुंकीतही टीबी निघाला.

पुढे एकदा हे आपणहून म्हणाले, "अल्लाहले मालूम व्हतं. सुकलालले मालूम नव्हतं. त्याले सांगानं काम मन्हं व्हतं." त्यानंतर 'लिखेल शे' हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. भीती मात्र बसली, हा गुन्हा माफ होईल का याची. हाफिजजींनी लपवाछपवी केली नाही. अल्लाहचं देणं अल्लाह माफ करेल, पण माणसाचा गुन्हा ज्याचा त्याने माफ करायचा असतो, असं ते म्हणाले. हे दाराकडे डोळे लावून बसायचे. मी निरोप धाडला. सुकलालभाऊ आले, पण रुमाल तोंडावर धरून दारातच थांबले. "मन्ह्या गोळ्या चालू शेतस. मी वाचस का नही ते पाहू, मंग सांगसू."

त्याच आठवड्यात हे गेले. माफी मिळाली नाही.

लोक म्हणाले, अल्लाहची मर्जी. मीही म्हणते. पण तुमच्यापैकी कुणाला टीबी निघाला तर बरोबरच्या माणसाला त्याच दिवशी सांगा, आणि बरं वाटलं तरी गोळी सोडू नका. ते डॉक्टर आणि हाफिजजी, दोघांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला रडत बसू दिलं नाही.

सुकलालभाऊंनी कोर्स पुरा केला आणि एका सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा निम्मा झाला होता. बसा म्हटलं तर बसले नाहीत, चहाही नको म्हणाले. ते काय बोलणार हे अल्लाहला आधीच ठाऊक असणार. तरी मी म्हटलं, "भाऊ, जे असेल ते मनात ठेवू नका. तोंडाने बोला."



"मनपासीन आजून व्हत नही, वहिनी," ते म्हणाले. "पन रशीदभाऊले मी माफ कयं."