ठिणगीचं तोंड कुणीकडं?

वर्कशॉपमधले किस्से लोखंडाच्या किसासारखे असतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी टेबलाखाली पुन्हा तेवढेच! चिकलठाण्याच्या आमच्या भाड्याच्या शेडमध्ये माणसं दोनच, मी आणि सोयगावचा भानुदास. तरी किस्से दहा जणांचे.

आमचं काम वेल्डिंगचं. पण एखादा वेल्ड चुकला की तो खोदून काढावा लागतो. कार्बनचा रॉड लावून आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटवायचा आणि वितळलेलं लोखंड कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायचं. याला म्हणतात गाउजिंग. ठिणग्या पार शेडच्या टोकापर्यंत जातात. म्हणून आधी हवा सुरू, मग आर्क, आणि त्याच्याही आधी एक प्रश्न. ठिणगीचं तोंड कुणीकडं?

आमच्या एका बाजूला विटांची भिंत. दुसऱ्या बाजूला पत्र्यापलीकडं मन्सूरचाचांचं गादीचं दुकान, आणि त्या पत्र्याला ही भोकं! आत छतापर्यंत कापूस. शेडचे मालक कोलते काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "चाचाच्या कापसाला ठिणगी लागली, की त्याच दिवशी तुमचं शटर खाली." त्यामुळे आमचं तोंड कायम भिंतीकडं. दुसरी शेड आम्हाला कोण देणार होतं?

*

काकांनी गाउजिंग पहिल्यांदा बघितलं तेव्हा खोदलेल्या खाचेवर वाकून बोट फिरवलं.

"जोडायचं कळलं. जोडलेलं परत खोदता कशाला?"

"चुकीचं जोडलं होतं, काका."

"मग आधीच बरोबर का नाय जोडत?"

आम्ही दोघंही एकदम कॉम्प्रेसरचं प्रेशर बघायला लागलो.

*

आमचं मशीन लहान. जाड रॉड त्याला झेपत नाही. बारीक रॉड लावायचा, थोडं खोदायचं आणि थांबायचं. तापलं की त्याच्यावर पिवळा दिवा लागतो. मग पंखा फिरू द्यायचा आणि गुमान बसून राहायचं.

एकदा जेवणानंतर भानुदास भिंतीला टेकून बसला तो उठेचना. कपाळावर बायकोची पिवळी टिकली!

"अरे ऊठ की!"

"दिवा लागलाय. दिसत नाय व्हय?"

मशीनला कधी जबरदस्ती केली नव्हती, त्याला कुठल्या तोंडानं करणार?

*

गाउजिंगचा आवाज भयानक. आम्ही कानात प्लग घालतो. चाचा कापूस घालतात, त्यांच्याकडं काय कमी!

एकदा चाचा शटरमध्ये येऊन हातवारे करू लागले. ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. त्यांच्यामागं दुकानातून धुरासारखं काहीतरी वर जात होतं. भानुदासनं वाळूची बादली उचलली, धावत गेला आणि धुरावर पालथी केली.

ती चहाची किटली होती.

चाचांनी कानातला कापूस काढला. "चाय का पूछने आया था, मियाँ! दफन करने कू नै!"

*

आणि मग काकांनी वास्तुवाले शास्त्रीबुवा आणले.

बुवांनी शेडबाहेर पितळी होकायंत्र धरलं. "अग्नीची जागा आग्नेय. ठिणगीचं तोंड तिकडंच हवं." आणि बोट दाखवलं ते थेट चाचांच्या कापसाकडं!

"बुवा, तिकडं कापूस आहे," मी म्हणालो.

"दिशा कापूस बघत नाही."

काका म्हणाले, "उद्यापासून तोंड तिकडं. नायतर शेड खाली करा."

"आणि कापूस पेटला तर?"

"तरी खाली करा."

भानुदास पुटपुटला, "आता बादली कुणावर वतायची?"

बुवा म्हणाले, "अग्नी प्रत्यक्ष बघू द्या." आम्ही त्यांना हेल्मेट घातलं, कानात प्लग दिले, मागं उभं केलं. त्यांनी होकायंत्र लाकडी स्टुलावर ठेवलं. स्टुलाखालून मशीनची जाड केबल गेलेली. भानुदासनं हवा सोडली, भिंतीकडं तोंड करून आर्क पेटवला, आणि होकायंत्राची सुई गर्रकन फिरली!

बुवांनी हेल्मेटची काच होकायंत्रावर टेकवून आर्कच्या उजेडात सुई बघितली. आग्नेय आता बरोबर भिंतीकडं!

केबलमधून करंट गेला की सुईचं काय होतं, हे मला शाळेत शिकवलं होतं. पण तोंड उघडायची ही वेळ नव्हती. मी फक्त मशीनकडं बघत होतो. अजून थोडं, बाबा, अजून थोडं!

पिवळा दिवा लागला. आर्क विझला. सुई फिरून मूळ जागी, आणि आग्नेय पुन्हा कापसाकडं.

बुवांनी हेल्मेट काढलं. एकदा भिंत बघितली, एकदा पत्रा. घाम पुसला.

"काम चालू असताना आग्नेय भिंतीकडं आहे," ते हळूच म्हणाले. "काम थांबलं, की ते कापसाकडं जातं."

"मग करायचं काय?" काकांनी विचारलं.

बुवांनी डोळे मिटले. "मशीन बंद असताना ठिणगी पाडायची नाही."

काका आमच्याकडं वळले, बोट उगारून.

"ऐकलं ना? मशीन बंद असताना एक जरी ठिणगी पाडली, तर शटर खाली!"