काका, अळी अन् माह्यं पोरगं

"काका, धावा! माह्या पोरानं तुमची अळी खाल्ली!" मी पोराले कडेवर घेऊन वरडतच शेजारी पळाली. अन् थे पोरगं मजेत तोंड हालवून राह्यलं होतं!

हे काका कोंबड्यायसाठी टबात अळ्या पोसतात; त्यातली एखादी सरपटत आमच्या अंगणात येते. आमच्या मळ्यातली सडकी वांगी त्यायच्यावर टाकतात अन् पाव्हण्यायले म्हणावं तसं म्हणतात, "जेवा माय, पोटभर जेवा."

काकानं पोराच्या तोंडात बोट फिरवून पाह्यलं. "हा आमच्या कोंबडीचं अंडं खाते ना? मंग आज कोंबडीले सुटी!"

"मजाक नोका करू! पोराले काही झालं त?"

काकाचं हासू गेलं. त्यायनं टबातली एक अळी उचलली, धुतली अन् कचकन चावली. "आता त्याले जे होईन, थे मले बी होईन. बस इथं."

आमी तिघं ओट्यावर बसून राह्यलो. लय वेळ झाला. पोरगं खेळाले लागलं अन् काकाले मोठा ढेकर आला. मले असं हासू सुटलं, का थांबेच ना! तवा काकानं अजून एक अळी धुतली अन् माह्यासमोर धरली.

"घे पोरी. भेव जाईन."

सांगा बरं, तुमी काय केलं असतं?