हिला लिहिता येत नाही

त्या बाईंनी माझ्यासमोर लाकडी पाट ठेवला आणि म्हणाल्या, "इथे बस. दाराजवळ. येणाऱ्यांना आधी तूच दिसली पाहिजेस."

मांडव्याच्या जेट्टीपासून पंधरा मिनिटांवर त्यांचा बंगला. आत मोठं दालन, पांढऱ्या भिंती, भिंतींवर चित्रं. त्यातली चार माझी होती. 'किनाऱ्यावरचे कलाकार' असं प्रदर्शनाचं नाव. मला आमंत्रण होतं. मी माझा चांगला पंजाबी ड्रेस घातला होता, केस धुतले होते. रेवदंड्याहून अलिबाग, अलिबागहून मांडवा, सगळ्या वाटेत एकच विचार, लोकांनी चित्राबद्दल विचारलं तर काय सांगायचं.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे काय घालून आलीस? साडी नाही का? तुमची ती कोळी पद्धतीची?"

मग त्यांनीच कपाटातून लुगडं काढलं. नवं, हिरवं, घडीचं. मी नाही म्हणाले नाही. हे मला आधी सांगून टाकायचंय. कुणी जबरदस्ती केली नाही. मी बाथरूममध्ये गेले आणि नेसून आले. माझी आई रोज नेसते त्या लुगड्याची मला कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

माझे वडील होड्या रंगवायचे. नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, नाव लिहायचे, दोन्ही अंगांना नंबर घालायचे. ते गेल्यावर ब्रश मी उचलला. बाई होड्या रंगवणार म्हणून किनाऱ्यावर आधी कुरकुर झाली. मग अक्षर बघून लोक गप्प झाले. आता आमच्याकडच्या बहुतेक होड्यांची नावं माझ्या हातची आहेत. उरलेल्या रंगात मी जुन्या प्लायवर चित्रं काढते. वाळत्या बोंबलांच्या रांगेत पाठमोरी उभी बाई. आईचे हात. एक नुसताच रिकामा किनारा. बी.ए. मी अलिबागला केलं, मराठी घेऊन.

यातलं काहीच मला तिथे कुणी विचारलं नाही.

मी पाटावर बसले. समोर एक प्लाय, ब्रश, काळ्या ऑइलपेंटचा डबा. काढत राहा म्हणाल्या. लोक आले, मुंबईचे. बोटीने उतरून थेट गाड्यांनी. माझी चित्रं भिंतीवर होती, पण लोक मला बघत होते. एकाने फोटोसाठी मला जरा खाली बघायला सांगितलं. मी खाली बघितलं. दोन मुली माझ्या मागे येऊन उकिडव्या बसल्या, हसल्या, फोटो काढून उठून गेल्या. माझ्याशी एक शब्द नाही.

पलीकडच्या चटईवर मुरुडच्या राबियाचाची होत्या. फुटक्या बांगड्यांच्या काचा चिकटवून त्या समुद्र करतात. तसा समुद्र मी कुणाच्या हातून झालेला पाहिला नाही. त्यांना ओढणी डोक्यावरून घट्ट घ्यायला सांगितलं होतं, म्हणजे शोभेल. त्यांच्या आणि माझ्या चित्रांखाली पाट्या होत्या. मी बसल्या बसल्या मान वळवून वाचलं. 'कोळी स्त्री, रेवदंडा.' 'मुस्लिम स्त्री, मुरुड.' बाकी भिंतीवर मुंबईचे कलाकार होते. त्यांच्याखाली नावं होती.

मग एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ माझ्यासमोर थांबले. त्यांनी खरंच माझं चित्र बघितलं होतं. त्या पाठमोऱ्या बाईबद्दल त्यांनी विचारलं, इंग्रजीत, तिचं तोंड का नाही दाखवलं? मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात बाई माझ्यावरून वाकून इंग्रजीतच म्हणाल्या, हिला विचारून उपयोग नाही, हिला लिहिता-वाचता येत नाही, हे सगळं त्यांच्या रक्तातच असतं.

मला इंग्रजी कळतं.

मी उठले. राबियाचाचींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. हातात ब्रश होताच. मी तो डब्यात बुडवला आणि माझ्या चित्रांशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर लिहिलं, होडीवर लिहिते तेवढ्या अक्षरात:

मला लिहिता येतं.

त्याखाली माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. एक वेलांटीसुद्धा चुकली नाही.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्यासाठी मी इतकं केलं."

मी म्हटलं, "माझं नाव तेवढं नाही लिहिलंत."

बाथरूममध्ये जाऊन माझे कपडे घातले. लुगडं घडी करून पाटावर ठेवलं. चारही प्लाय भिंतीवरून उतरवले, दोन या बगलेत, दोन त्या बगलेत, आणि चालू लागले. ते गृहस्थ बाजूला झाले, मला वाट द्यायला. मागे कुणी आलं नाही. रस्त्याला लागल्यावर रिक्षावाले प्लाय बघून थांबेनात. बरंच चालले. रडले नाही, पण कुणीतरी बरोबर असायला हवं होतं, असं फार वाटलं.

घरी आईला सगळं सांगितलं. ती सुकी वाकटी निवडत होती. म्हणाली, "गप बसली असतीस तर काय झाला असता? एवढी मोठी लोका. परत कोन बोलवल तुला?" मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी मुरुडला गेले. राबियाचाचींना म्हटलं, आपण आपलं प्रदर्शन लावू, आपल्या नावांनी. त्यांनी चहा दिला, वर खोबऱ्याची वडी दिली. म्हणाल्या, "बेटी, तू बरोबर केलंस. पण माझी धाकटी त्याच बाईंकडे कामाला आहे. मला नाही जमायचं." मी त्यांच्यावर रागावले नाही. एसटीत बसल्यावर मात्र आपण किती एकटे आहोत ते नीट कळलं.

पावसाळी मासेमारी बंदीत आमची मासळी लिलावाची शेड रिकामी असते. मच्छीमार सोसायटीच्या काकांकडे दोन दिवस मागितली. चित्रं बघायला कोण येणार, असं म्हणून त्यांनी चावी दिली. मी फरशी घासली. वास गेला नाही. नायलॉनच्या दोरीवर नऊ चित्रं टांगली. प्रत्येकाखाली माझं नाव.

पहिल्या दिवशी पाऊस सोडून कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातली एक मासेवाली मावशी छत्री मिटून आत आली. पाठमोऱ्या बाईसमोर खूप वेळ उभी राहिली.

"ही मीच ना गो?"

मी मान डोलावली.

"कंबर वाकडी काडलीस," म्हणाली. मग स्वतःच्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाय पन वाकडी." आणि गेली.

आई आली नाही.

परवा त्या बंगल्यातल्या बाईंचा फोन आला. भिंत पुन्हा रंगवली म्हणे. ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ माझी चौकशी करत होते. यंदाच्या प्रदर्शनात नाव घालू, हवे ते कपडे घालून ये.

मी म्हटलं, "चित्रं इथे शेडमध्ये लागतात. बघायची असतील तर तुम्ही या. त्यांनाही घेऊन या."

त्या म्हणाल्या, तिथे कोण येणार.

नाही आलं कुणी तर नाही. पुढच्या बंदीत मी पुन्हा चावी मागेन. नऊ नाही, वीस लावीन. राबियाचाचींकडे पुन्हा जाईन, पुन्हा नाही म्हणाल्या तर त्याच्या पुढच्या वर्षी जाईन. चावी नाही मिळाली तर उघड्या पुळणीवर, ओढून ठेवलेल्या होड्यांना टेकवून लावीन. त्या बंगल्यात माझं चित्र जाणार नाही. आणि तिथे दाराशी आमच्यातली दुसरी कुणी बसवलेली कळली, तर पहिल्या एसटीने जाऊन तिला हाताला धरून उठवीन.